तुझ्या आजीचं खरं निघालं

सांगली

प्रिय दत्ता,

तुझ्या आजीच्या म्हणण्यावर आता अमेरिकेतून शिक्कामोर्तब झालंय. हसू नकोस. आंद्रेई कार्पथी म्हणून एक आहे. चॅटजीपीटीवाली ओपनएआय कंपनी सुरू करणाऱ्यांपैकी, नंतर पाच वर्षं टेस्लात, आपोआप चालणाऱ्या गाड्यांच्या कामावर. 2025 च्या ऑक्टोबरात द्वारकेश पटेलच्या पॉडकास्टवर हा गृहस्थ शांतपणे म्हणाला, आम्ही प्राणी घडवत नाही आहोत, भुतं बोलावतोय. झेब्र्याचं पिल्लू जन्मल्यावर काही मिनिटांत धावायला लागतं, कारण उत्क्रांतीनं ते सगळं त्याच्यात आधीच भरून ठेवलेलं असतं. ही एआयची बोलकी यंत्रं तशी जन्मत नाहीत. माणसांनी इंटरनेटवर लिहून ठेवलेल्या ढिगाची नक्कल करत करत ती उभी राहतात. अंग नाही, भूक नाही, नुसतं माणसांचं बोलणं.

मी आयर्विन पुलावर चालत होतो, तिथेच थांबलो. तुमच्या पडवीत, कंदील बारीक करून, आजीनं सांगितलेलं आठवतंय? "भूत आपला काय बोलना नाय रे, मेलेल्याचाच बोलता." तेव्हा तू आणि मी फिजिक्सचे विद्यार्थी म्हणून गालातल्या गालात हसलो होतो. आता हे मी घरी कुणाला सांगू? हिनं तुझी आजी पाहिली नाही आणि तन्मयला भुतांचं काही पडलेलं नाही. म्हणून तुला पत्र. दिवाळीपासून मी काही लिहिलं नाही हे मान्य, पण तुझंही आलं नाही, तेव्हा फिट्टंफाट.

तब्येत ठीक. साखर आहे तेवढीच आहे. हिची मान अधूनमधून.

तर व्यसन लागलंय. सकाळी फिरताना, दुकानातून येताना, रात्री जीएसटीचं काम उपसताना कानात कुणीतरी दोघं बोलत असतात. दोन-दोन, चार-चार तास. सुरुवात लेक्स फ्रिडमनपासून झाली. हा एमआयटीवाला, 2018 मध्ये एआयचंच नाव देऊन त्यानं पॉडकास्ट काढला, पुढे स्वतःचं नाव दिलं. आमच्या घरात तो 'मोदींच्या मुलाखतीसाठी उपास करणारा' म्हणून ओळखला जातो, कारण हिनं त्याचा तेवढा एकच भाग बघितलाय. माणूस अंगावरचा काळा सूट काढत नाही. सांगलीच्या मे महिन्यात एक दुपार काढून दाखव म्हणावं. बोलतो इतकं सावकाश की मी त्याला दीडपट वेगानं ऐकतो, तरी त्याला घाई म्हणून नसते. पण 2023 च्या मार्चमध्ये यानं काय केलं बघ. आधी ओपनएआयच्या सॅम ऑल्टमनला बसवलं, आणि त्याच्या पाठोपाठ एलिएझर युडकोव्स्कीला. एक म्हणतो सांभाळून बांधतोय, दुसरा म्हणतो हे बांधून झालं की कुणीच उरणार नाही. दोघांनाही तीच खुर्ची, तीच सबुरी, मध्ये जाहिरात. आपल्याकडे एकाच पडद्यावर आठ चौकटी करून आठ जणांना एकदम ओरडायला लावतात, त्यापेक्षा हे शंभरपट बरं.

पटेल हे पोरगं वेगळं. पंचविशीतलं. 2020 मध्ये टेक्सासला कॉलेजात असताना त्यानं हे सुरू केलं. पाहुण्याचं लिखाण वाचून येतो, वाचलेलं विसरू नये म्हणून कार्डं करून घोकतो, आणि उत्तर पटलं नाही तर तोच प्रश्न दुसऱ्या दारानं आत आणतो. नरम आवाजात, पण सोडत नाही. शेडबाळे सरांनी याला प्रॅक्टिकलला पूर्ण मार्क दिले असते. आपल्याला दिले नाहीत ते नाहीतच.

आता जुनं भांडण. सवाई गंधर्वला आपण पुण्याला गेलो होतो तेव्हा मी विलंबित चालू असताना बटाटेवडे खायला उठलो, यावरून तू परतीच्या गाडीत मिरजेपर्यंत माझ्याशी बोलला नाहीस. तुझं म्हणणं, द्रुतमध्ये तयारी दिसते, विलंबितात गवई दिसतो. माझं म्हणणं, वडे संपत आले होते. त्यातला तुझा अर्धा मुद्दा आता मी या पॉडकास्टपुरता मान्य करतो, गाण्यापुरता नाही. पहिला तास पाहुणा पाठ केलेलं बोलतो. कंपनीचं धोरण, मानवजातीचं कल्याण, तेच ते. दीड-दोन तासांनी ते संपतं. मग प्रश्न येतो, तो थांबतो, आणि तिथून पुढे जे निघतं ते ऐकायला मी बसलेला असतो. कधीकधी नुसतं एवढंच निघतं की, "हे मला माहीत नाही." दत्ता, ज्यानं आयुष्यभर हेच केलंय तो माणूस तिसऱ्या तासाला 'माहीत नाही' म्हणतो ना, तेव्हा मला इतकं बरं वाटतं की त्या बरं वाटण्याचीच आता काळजी वाटायला लागलीय.

कारण आमच्याकडे सध्या प्रत्येकाला सगळं माहीत आहे. तन्मयचं इंजिनिअरिंग झालं, कॉम्प्युटरचं. कॅम्पसमधून नोकरी लागली, पेढे तुझ्याकडेही आले होते. ती कंपनी आता रुजू व्हायची तारीख पुढे पुढे ढकलतेय. मेल येतो, त्यात 'व्यवसायाची गरज' असं काहीतरी असतं. मेहुणा म्हणतो, कोडिंग संपलं, याला बँकेच्या परीक्षेला बसव. हिचे काका म्हणतात, घाबरायचं काही नाही, कॉम्प्युटर आला तेव्हाही असंच म्हणत होते. 2025 च्या जुलैत टीसीएसनं 12,000 वर माणसं कमी करायचं जाहीर केलं, त्या दिवशी दोघांनीही मला तीच बातमी पाठवली, आपापलं बरोबर असल्याचा पुरावा म्हणून. कंपनी स्वतः म्हणत होती की हे एआयमुळे नाही. ते दोघांनीही वाचलं नव्हतं.

आणि मी काय करतो? पॉडकास्ट लावतो. खरं सांगू, मी तन्मयसाठीच ऐकतो. इतके हुशार लोक इतके तास बोलतायत, म्हणजे कधीतरी कुणीतरी विचारेल: सांगलीतलं एक पोरगं आहे, बावीस वर्षांचं, बऱ्यापैकी हुशार, फार नाही, त्यानं उद्या सकाळी उठून काय करायचं? हा प्रश्न अजून आलेला नाही. 'अर्थव्यवस्था' येते, 'कामगार बाजार' येतो, चिप किती, वीज किती, चीन किती पुढे, सगळं येतं. लिओपोल्ड आशेनब्रेनर म्हणून एक पोरगा, ओपनएआयनं काढून टाकलेला, 2024 च्या जूनमध्ये पटेलकडे साडेचार तास बोलला. 2027 पर्यंत माणसाच्या तोडीचं यंत्र येऊ शकतं, म्हणाला. मी हादरून ऐकत होतो. मग कळलं, तो याच विषयावर गुंतवणुकीची फर्म काढतोय. मी आयुष्यभर हळदीवाल्यांचे हिशेब लिहिले. बोलणाऱ्याचे पैसे कुठे अडकलेत हे मी आधी बघतो. पण इथे बघूनही भागत नाही. पैसे अडकलेत म्हणून तो खोटं बोलतोय असं नाही, खरं वाटतं म्हणूनही लावले असतील. तिथे माझी विद्या संपते.

तर कार्पथी. तो म्हणाला, कामं स्वतःहून पार पाडणारी यंत्रं या वर्षात वगैरे येत नाहीत, दशक लागेल. गाड्यांचं उदाहरण दिलं: नव्वद टक्के चालणारं दाखवणं सोपं, पुढे नव्व्याण्णव, मग नव्व्याण्णव पूर्णांक नऊ, आणि प्रत्येक नऊला तेवढीच मेहनत. स्वतःचा एक प्रकल्प लिहिताना या यंत्रांचा फारसा उपयोग झाला नाही, असंही म्हणाला. हे तन्मयनंही ऐकलं होतं. रात्री जेवताना खुशीत म्हणाला, "बाबा, दहा वर्षं आहेत." मीही खूश. त्यावर ही भाकरी वाढता वाढता म्हणाली, "म्हणजे हा बत्तीस वर्षांचा होईल तेव्हा. लग्न झालेलं असेल, घराचे हप्ते चालू असतील." कुणी काही बोललं नाही. पटेलनं हिला एकदा बोलवायला हवं. पाहुणा अर्ध्या तासात संपेल.

मला वाटतं यातली गोची अशी आहे. इतका वेळ ऐकलं की आपण त्या खोलीत बसलोय असं वाटायला लागतं. पटेल आपला, कार्पथी आपला. प्रत्यक्षात त्यांच्या लेखी आपण नाही. पण बाहेर जे कानावर पडतं त्यात माणसं एका वाक्यात निकाल देतात, आणि इथे निदान दोन माणसं समोरासमोर बसून आपापलं अडलेलं दाखवतात. पोराची काळजी यानं मिटत नाही. पण सोबत होते. ही सोबत की गुंगी, हे मला ठरवता येत नाही, आणि तू ठरवून सांगशील म्हणूनच भीती वाटते.

तुझ्यासाठी एक काढून ठेवलंय. रिचर्ड सटन, म्हातारा, संगणकशास्त्रातलं 2024 चं ट्युरिंग पारितोषिक त्याला आणि अँड्र्यू बार्टोला मिळालं. पटेलनं घेतलेली त्याची मुलाखत कार्पथीच्या आधीची, तासाभराची. या माणसाला सगळी बोलकी यंत्रंच अमान्य. त्यांना ध्येय नाही, म्हणतो. माणूस काय बोलेल एवढंच ती ओळखतात, जगात काय घडेल ते नाही. लहान मूलसुद्धा नक्कल करून शिकत नाही, हातपाय मारून बघतं, म्हणतो. पटेल चक्रावतो. खार समजली तरी बुद्धीचं कोडं जवळजवळ सुटलं, असं म्हातारा सांगतो. तासभर दोघं एकमेकांच्या शेजारून बोलत राहतात, कुणी हलत नाही, आवाज कुणाचाच चढत नाही. आणि मग काही दिवसांनी पटेल लिहितो की, मी पुन्हा विचार केला, म्हाताऱ्याचं म्हणणं आता मला जास्त समजतंय. तू एकोणीसशे ब्याण्णवपासून असं काही लिहिलेलं मला आठवत नाही. माझ्या हरवलेल्या जर्नलबद्दल तर नाहीच.

तू म्हाताऱ्याच्या बाजूनं जाशील हे मला माहीत आहे. तरी पूर्ण ऐक. ऐकलंस की व्हॉट्सॲपवर अंगठा पाठवू नकोस, फोन कर. तन्मय असतानाच केलास तर बरं. माझ्याशी तो हल्ली या विषयावर फार बोलत नाही, तुझ्याशी बोलेल.

मंदावहिनींचा गुडघा कसा आहे? ऑपरेशन कुडाळला की कोल्हापूरला ते ठरलं का? कोल्हापूरला असेल तर मुक्काम आमच्याकडे, विचारू नकोस. रेवतीचं कळलं, अभिनंदन, तिला वेगळं लिहितो. नानांच्या जमिनीचं अजून तसंच असेल.

आणि यंदा आंब्याचे पैसे आधी कळव. मागच्या वेळी तू घेतले नाहीस आणि ही पेटी उघडेचना.

तुझा,
शिरीष

ता. क. सटन साध्या वेगानंच ऐक. दीडपट करायची सोय दाखवली की तू सगळंच दीडपट करशील, आणि मग मला पुन्हा वड्यांवरून बोलायचा तुला हक्क राहणार नाही.