साठ-शून्य आणि हरलेल्यांची वर्णी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मॉरिशसच्या १० नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीची दखल आपल्याकडे ‘भारतवंशीय नवीन रामगुलाम पुन्हा पंतप्रधान’ एवढ्यावरच आटोपली गेली. खरी गंमत आकड्यांत आहे.

मुख्य बेटावर २० मतदारसंघ, प्रत्येकी ३ जागा आणि मतदाराला मतेही ३. लाट आली की तिन्ही जागा एकाच्याच पदरात. त्यातच निवडणुकीआधी फोन टॅपिंगच्या ध्वनिफिती बाहेर आल्या आणि सरकारने थेट समाजमाध्यमेच बंद केली. ओरड झाल्यावर दुसऱ्याच दिवशी बंदी उठवली. रामगुलाम यांच्या आघाडीने साठच्या साठ जागा जिंकल्या. मावळते पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ स्वतःही पडले. त्यांच्या आघाडीची मते चौथ्या हिश्शाहून जास्त, जागा शून्य! (२०१९ मध्ये याच जगन्नाथांना सुमारे ३७ टक्के मतांवर, रॉड्रिग्ज बेटाच्या २ जागा धरून, थेट निवडून द्यायच्या ६२ पैकी ३८ जागा मिळाल्या, तेव्हा ही पद्धत त्यांना खुपली नव्हती.)

मग विरोधी पक्षनेता आला कुठून? ‘बेस्ट लूझर’ तरतुदीतून. अल्पसंख्याकांना वाऱ्यावर सोडले जाऊ नये म्हणून स्वातंत्र्याच्या तोंडावर ती आणली गेली. पडलेल्यांपैकी काहींना त्यांच्या समाजाच्या प्रमाणानुसार संसदेत घेतात. जगन्नाथांच्या आघाडीचे दोघे असेच आत आले. पण हे प्रमाण आजही १९७२ च्या जनगणनेवरून काढतात, कारण त्यानंतरच्या जनगणनेत समाज विचारलाच जात नाही!

उमेदवाराला अर्जात हिंदू, मुस्लिम, चिनी किंवा ‘सर्वसाधारण लोकसंख्या’ (म्हणजे बाकीचे सगळे) यांतले एक निवडावे लागते. गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असलेल्या या देशात मराठी माणूस एरवी स्वतःला मराठी म्हणवतो, तिथले लोकही त्याला वेगळा समाज मानतात. अर्ज भरताना मात्र तो, तमिळ आणि तेलुगू सगळे ‘हिंदू’. या सक्तीवर संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०१२ मध्येच ठपका ठेवला. २०१४ साली तात्पुरती सवलत मिळाली आणि मग पुन्हा जैसे थे.

रामगुलाम आणि आघाडीतले त्यांचे साथीदार पॉल बेरांजे यांनी निवडणूक सुधारणेचा मुद्दा २०१४ मध्येही लावून धरला होता. तेव्हा मतदारांनी त्यांना घरी बसवले. २०२४ मध्ये दोघे पुन्हा एकत्र निवडून आले आणि घटनादुरुस्तीला लागणाऱ्या तीन चतुर्थांश बहुमताहून कितीतरी जास्त संख्याबळ हाताशी आले. तेव्हा या वेळी विरोधकांनी अडवले, ही सबब त्यांना चालणार नाही.

— एक वाचक, ठाणे