लाल निशाण

इंदूर, रविवार रात्र

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

काल तू "बाबा, पुरे" म्हणालीस आणि फोन ठेवलास. मी परत लावला नाही. आई म्हणाली, लिहा, बोलताना तुमचा आवाज चढतो.

तुमच्या प्लॅनिंगच्या कोर्सचा जुन्या भोपाळात घरोघर सर्व्हे, तुझ्या वाट्याला बेचाळीस घरं. एकटी जाऊ नकोस, एवढंच म्हणत होतो. तेच पुन्हा लिहिणार नाही. पण जोडीनं जा.

तुला वाटतं मी कुत्र्यांना आणि गल्लीबोळांना भितो. तसं नाही. आपल्या दारावर लाल निशाण पडलं तेव्हा तू आठवीत होतीस. रस्ता रुंद व्हायचा होता. मोजायला आलेला मुलगा आत्ताच्या तुझ्याएवढाच, उन्हानं पार सुकलेला. फीत ओट्याच्या कडेला धरता का, असं त्यानं मलाच विचारलं. मी त्याला काय काय बोललो ते तू आतून ऐकलंच असशील. त्यानं पाणी मागितलं. आजी तांब्या घेऊन उठली आणि मी तिला बसवलं. ती रेघ त्यानं ओढली नव्हती गं. तो नुसता मोजायला आला होता.

आता तू फीत घेऊन कुणाच्या तरी ओट्यापाशी उभी राहशील, आणि आत माझ्यासारखा कुणी असेल.

मागच्या सुट्टीत तू पॅट्रिक गेडिस वाचून दाखवलास. शहराच्या नियोजनासाठी होळकर दरबारानं बोलावलेला, मूळचा जीवशास्त्राचा माणूस, 1918 सालचा त्याचा इंदूरवरचा दोन खंडांचा अहवाल. आधी निदान, मग उपचार. तो गल्ल्या पायी तुडवायचा. अख्खी रांग पाडण्यापेक्षा मोडकळीला आलेलं एखादं घर काढून तिथे हवा आणि झाड कसं येईल ते बघायचा. प्लेगच्या दिवसांत त्यानं दिवाळीत मिरवणूक काढली, ती ज्या गल्ल्यांनी साफसफाई केली त्यांतून नेली, आणि सफाईवाल्यांना पांढरे कपडे, गळ्यात हार. तू रंगून वाचत होतीस. आजी म्हणाली, "मग त्याला कुणी पाणी दिलं असेल." मी उठून बाहेर गेलो होतो, आठवतं? फोन आला नव्हता.

आणि ते तुमच्या नकाशांतल्या रंगांचं. राहती घरं पिवळी, दुकानं निळी. मग सराफ्याला कोणता रंग देतात? दिवसा सोनं-चांदी, रात्री त्याच पायऱ्यांपुढे भुट्ट्याचा कीस आणि थंडीत गराडू. आपलं घर त्यांच्या कागदावर पिवळंच असणार. पण ओट्यावर अण्णाचं शिलाई मशीन होतं. पुढचे सात फूट गेले, मशीन आत सरकलं आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला ते दिसेनासं झालं. अण्णानं वर्षभर वाट बघितली, मग विकलं. म्हणून घरात माणसं किती, एवढंच विचारून निघू नकोस. ओट्यावर काय चालतं, कोण कधी बसतं तेही विचार. फॉर्मात रकाना नसेल तर समासात लिही. तुमच्या नगर नियोजनाच्या 1973च्या कायद्यात आराखडा लोकांपुढे ठेवून हरकती मागवतात, हे तूच सांगितलंस. तो कागद आपल्यापर्यंत पोचलाच नव्हता. निदान तुझ्या बेचाळीस घरांना नीट समजावून सांग.

बघ, लागलो शिकवायला. चुकलं माझं. तुमचे सर आहेत, तुला कळतं. आपल्या गल्लीचा तू पहिल्या सेमिस्टरला काढलेला नकाशा मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. पिंपळ आहे, विहीर आहे, नर्मदेच्या नळाची वेळसुद्धा लिहिलीस. बँकेतले जुने मित्र आले की कपाट उघडून दाखवतो. जोशीकाका म्हणाले, पोरगी इंजिनियर होणार का? म्हटलं, नाही, प्लॅनर. मग अर्धा तास समजावत बसलो, तू मला समजावतेस तसं.

कुणी बोललं तर उलट उत्तर देऊ नकोस. थोडं थांब, नाव-गाव सांग. तरी दार लागलं तर पुढच्या घरी जा, मनाला लावून घेऊ नकोस. तो मुलगा पुन्हा आला नाही. आला असता तर मी बोललो असतो त्याच्याशी.

आजीनं शेव आणि गुळाच्या पोळ्या दिल्यात, मंगळवारच्या बसनं येतील. आणि सर्व्हेला निघताना बाटली भरून ने. दोन ने.

तुझे
बाबा