पश्या, त्या रेकॉर्डिंगचं काय करू?

प्रिय पश्या,

आधी शिव्या घालून घे, मग वाच. चौदा महिने झाले, माहितीये. अण्णांचं कळलं तेव्हा मी सिंगापूरच्या पुढे होतो, व्हॉट्सॲपवर हात जोडलेला इमोजी टाकला आणि संपवलं. फोन करतो, फोन करतो म्हणत राहिलो आणि मग इतके दिवस गेले की फोन करायचीच लाज वाटायला लागली. तब्येत बरी आहे, शुगर काठावर, वजनाचं विचारू नकोस.

सध्या ब्राझीलमध्ये साल्वादोरला अडकलोय. इंजिनाचा एक पार्ट यायचाय, १९ दिवस जहाज धक्क्याला. घामट हवा, नारळ, आंबे, आणि फणसाला इथे जाका म्हणतात, पोर्तुगीजांनीच आपल्याकडून आणून लावला. म्हणजे अगदीच परक्या ठिकाणी नाहीये मी.

आता मुद्दा. हे मी बायकोलाही सांगितलं नाही, ती म्हणेल एवढंच ना. तू नाही म्हणणार.

गँगवेवर एक म्हातारा वॉचमन असतो. मी रेलिंगवर बोटं बडवत उभा होतो, आपल्या पथकातलंच काहीतरी, तर हा आला आणि माझ्या बोटांच्या मधल्या जागांत स्वतःची बोटं घालायला लागला. त्याला इंग्लिश नाही, मला पोर्तुगीज नाही, मध्ये मोबाईलचं ट्रान्सलेटर, जे ढोलाला एकदा बॅरल म्हणालं आणि एकदा पोट. तर तो जे वाजवत होता त्याला म्हणतात इजेशा. नायजेरियातल्या योरुबा लोकांमधली एक जमात आहे त्या नावाची, तिथून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर हा ठेका इथे आला. ब्राझीलमध्ये तसे जवळपास ४८ लाख लोक आणले गेले आणि गुलामी कायद्याने बंद झाली ती थेट १८८८ ला.

कसा वाजतो सांगू? एक लोखंडी जोडघंटा असते, अगोगो, एक आवाज चढा, एक उतरता. ती सुरू झाली की बदलत नाही, काही झालं तरी नाही, आपल्या भजनातल्या टाळकऱ्यासारखी. भोपळ्यावर मण्यांची जाळी घातलेली, ती खुळखुळते. आणि खाली तीन उभे ढोल, अताबाकी. बाकीचे ठेके बऱ्याचदा काठ्यांनी वाजवतात, इजेशा मात्र हाताने. म्हणून त्याला तो मऊपणा आहे, घाई नाही, खांदे आपोआप डुलतात. आणि आता ऐक, तुला आवडेल. आपल्याकडे ढोल ठेका धरतो आणि ताशा बोलतो, बरोबर? इथे उलटं. बारके दोघे ठेका धरून बसतात आणि सगळ्यात मोठा, सगळ्यात जाड आवाजाचा तो बोलतो. नाचणाऱ्याचे पाय बघून बोलतो. त्याचं नाव लिहितात रुम आणि म्हणतात हुम. तू म्हणायचास ना, मोठ्या ढोलाला अक्कल नसते. घे.

दुसरी गंमत. इथे कार्निव्हलला हाच ठेका वाजवत हजारो पुरुष निघतात, पांढरे कपडे, डोक्याला टॉवेलचा फेटा, गळ्यात निळ्या-पांढऱ्या माळा, अंगावर लॅव्हेंडरचं पाणी. नाव काय, तर फिल्योस दि गांधी. गांधींची लेकरं! १९४९ ला या बंदरातल्या गोदी कामगारांनी सुरू केलं, गांधीजी गेले त्याच्या पुढच्या वर्षी. बाबांना सांगितलं असतं तर खुर्चीवरून उठले असते. आयुष्यभर मुंबईच्या गोदीत पाठीवर पोती, आणि इकडे त्यांच्याच धंद्यातली माणसं गांधींच्या नावाने ढोल बडवतायत. अशा मंडळींना आफोशे म्हणतात आणि लोक त्याला रस्त्यावरचं कांदोंब्ले म्हणतात. कांदोंब्ले म्हणजे त्यांचा देवधर्म, इजेशा मूळचा तिथला.

आणि इथेच मी घोळ घातला.

म्हाताऱ्याने मला त्यांच्या देवस्थानात नेलं, तेरेइरोत. पांढरे कपडे पाहिजेत म्हणाला. माझ्याकडे पांढरं म्हणजे लग्नातला तो सदरा, आता पोटावर ताणतो. बायका एकीकडे, पुरुष एकीकडे बसायचं. फोन खिशात, फोटो नाही, रेकॉर्डिंग नाही, हे त्याने ट्रान्सलेटरशिवाय सांगितलं, बोटाने. तिथले ढोल म्हणजे वस्तू नाहीत रे. त्यांना दीक्षा दिलेली असते, नैवेद्य असतो, कापड गुंडाळलेलं असतं, आलेला माणूस आधी त्यांना नमस्कार करतो. सगळ्यात आधी एशू या देवाचा मान, तो दिल्याशिवाय पुढे काही नाही. बायकांनी ते ढोल वाजवायचे नाहीत असा रिवाज आहे, तुझी छोटी असती तर तिथेच भांडली असती. आणि ही माणसं काय सहज वाजवत नाहीत, इथल्या बाहिया राज्यात १९७६ पर्यंत कांदोंब्लेला पोलिसात नोंद करावी लागायची, त्याच्या आधी तर धाडी पडायच्या, ढोल उचलून न्यायचे.

हे सगळं माहीत असून मी खिशात रेकॉर्डर चालू ठेवला. एक्केचाळीस मिनिटं.

रात्री उशिरा ओशुं देवीसाठी इजेशा सुरू झाला. ती गोड्या पाण्याची देवी, पिवळा रंग तिचा. एक आजीबाई होत्या, पायऱ्यासुद्धा धरून चढल्या होत्या, त्या उठल्या आणि अशा नाचल्या, आणि तो हुम त्यांच्या पावलाची वाट बघून बोलत होता. पिवळी वस्त्रं, घाम, घंटा, आणि मला एकदम ताईच्या लग्नानंतरचा गोंधळ दिसला. हळद, दिवटी, तुणतुणं आणि अण्णा, संबळ गळ्यात घालण्याआधी कपाळाला लावणारे. रडलो मी. खिशात फोन चालू आणि मी रडतोय, नालायक.

तू आता काय म्हणशील माहितीये. सवयच आहे मंग्याला. हो, त्या रात्रीही मीच रेकॉर्ड केलं होतं आणि गणपतीत मंडळाच्या डीजेला दिलं. आठ महिने बोलला नाहीस. तेव्हा मी भांडलो, म्हटलं पोरं नाचली, नाव झालं, जाऊ दे की बाहेर. अण्णा तर चिडलेही नाहीत, एवढंच विचारलं, "कुठल्या देवीपुढे वाजलं ते?" मला वाटलं चेष्टा करतायत.

(आणि तू माझा ताशा विकलास ते मी अजून विसरलेलो नाही, तो हिशेब वेगळा.)

मी इथेही स्वतःशी तेच भांडण केलं. म्हटलं हेच लोक इजेशा रस्त्यावर आणतात ना, स्पीकर लावून, मग माझ्या खिशाने काय बिघडवलं? म्हाताऱ्याला विचारलं, माझं सांगितलं नाही, नुसतं विचारलं की तो ठेका रस्त्यावर कसा चालतो. तर म्हणाला, रस्त्यावरचे ढोल वेगळे, निघायच्या आधी एशूला विचारून निघतात, आणि आम्हीच नेतो. 'आम्ही' म्हणताना छातीवर हात ठेवला. मी विषय बदलला, त्याला चहा दिला.

केबिनमध्ये येऊन ऐकलं तर काय, सदऱ्याची खरखर आणि माझाच श्वास. हुम नुसता धपधप. घंटा तेवढी स्वच्छ. म्हणजे चोरी केली तीही धड नाही. डिलीट करायला तीनदा बोट नेलं. डिलीट केलं तर गपचूप सुटल्यासारखं वाटेल, आणि सांगितलं तर म्हातारा, ज्याने मला तिथे नेलं, तो त्याच्या माणसांसमोर खाली बघेल. शुक्रवारी जहाज सुटतंय, कार्निव्हलही बघायला मिळणार नाही. तू सांग काय करू, आणि तू भाषण देऊ नकोस, एका ओळीत सांग.

वहिनींची बदली झाली का? छोटीचं दहावीचं वर्ष ना, पथक बंद केलंस की नाही तिचं, नको करूस. घराचा स्लॅब गळतो म्हणालेलास, केलं का काही? पैसे लागले तर सांग, लाजू नकोस, माझ्यासारखं करू नकोस.

अजून एक. डीजेने कापाकापी केली त्याच्या आधीची मूळ फाईल माझ्याकडे आहे, डोंबिवलीला जुन्या हार्डडिस्कवर. बावीस मिनिटं. तुला कधी सांगितलंच नाही. शेवटी संबळ थांबतो, कुणीतरी पाणी मागतं, आणि अण्णांचा आवाज येतो, "मंग्या, झालं का तुझं? ठेव आता तो फोन." त्यांना माहीत होतं रे.

ती फक्त तुझ्यासाठी पाठवू का? नको म्हणालास तर नाही पाठवत. उतरलो की आधी तुझ्याकडे येतो, घरी नंतर.

तुझाच,
मंग्या