व्हाइट सिमेंट भरू नकोस

प्रिय बाळ्या,

गणपतीनंतर पत्र नाही, तुझे दोन फोनही राहिले. रागावला असशील तर बरोबरच आहे. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच. काल वहिनींनी स्वयंपाकघराचे फोटो पाठवले, त्यात ओट्यावर व्हाइट सिमेंटची पिशवी दिसली, म्हणून घाईने लिहायला बसलो.

कपाट आणि भिंत यांच्या फटीत ते सिमेंट अजिबात भरू देऊ नकोस. प्लायवुड पावसाळ्यात किंचित फुगतं, थंडीत आकसतं. सिमेंट जागचं हलत नाही. आधी कडेला केसाएवढी भेग पडते, मग खपली सुटते, मग झुरळांचा गृहप्रवेश. तू म्हणशील, भिंतच तासू. आप्पांच्या माळ्यापासूनचा आपला वाद! पण तुझं घर चिऱ्याचं, वर चुन्याचा गिलावा. एका जागी तासलं की शेजारचा पोकळ झालेला भागही सुटून येतो. भिंत आहे तशी राहू दे, फटीत प्लायची पट्टी बसवायची आणि ती भिंतीच्या वळणाने कापायची.

आधी फट वरपासून खालपर्यंत दर फुटावर मोज. समज, वर 23 मिमी आहे आणि खाली 38. मग कपाटाच्याच सनमायक्याची 18 मिमी प्लायची पट्टी 40 मिमी रुंद घे, म्हणजे सर्वांत मोठ्या फटीपेक्षा थोडी जास्त. ती कपाटाच्या तोंडावर ओळंब्यात उभी धर, भिंत जिथे सर्वांत पुढे आली आहे तिथे टेकव आणि क्लॅम्प लाव. आता पट्टी कपाटावर जेवढी चढली तेवढाच कंपास उघडायचा: 40 वजा 23, म्हणजे 17 मिमी. टोक भिंतीला, पेन्सिल पट्टीवर, वरून खाली एका ओढीत. सगळे चुकतात ते इथे. भिंतीच्या वळणाबरोबर कंपासही वळवतात. तो शेवटपर्यंत आडवाच राहिला पाहिजे, नाहीतर रेघ खोटी येते.

रेघेआधी सनमायक्यावर मास्किंग टेप लाव. जिगसॉचं, म्हणजे वळणावर कापणाऱ्या विजेच्या करवतीचं, साधं पातं वर येताना कापतं, त्यामुळे वरच्या बाजूचे टवके उडतात; उलट्या दातांचं पातं मागव. रेघेबाहेर 1 मिमी ठेवून काप, करवतीचं तळपट 10 अंश कलव, म्हणजे मागची कड आत जाते आणि फक्त पुढची धार भिंतीला टेकते. उरलेलं कानशीने. कापलेल्या कडेला वुड प्रायमरचे दोन हात दे, पाणी तिथूनच शिरतं.

पट्टी भिंतीला ठोकायची नाही. तिच्या मागे प्लायचा तुकडा लावून कपाटाच्या आतून 30 मिमीचे स्क्रू मार, आधी 3 मिमीचं भोक पाडून. पुढे कपाट काढायची वेळ आली तर गिलावा वाचेल. शेवटची दीड-दोन मिमीची फट अ‍ॅक्रिलिक सीलंटने भर, त्यावर रंग बसतो. सिलिकॉनवर बसत नाही, ते फक्त सिंकपाशी वापर. चुन्याची भुकटी ब्रशने झाडून प्रायमर मारल्याशिवाय मात्र काहीच धरणार नाही.

सानिकाचा निकाल कळला, फार आनंद झाला. तुझ्या बदलीचं काय झालं?

सुताराने पट्टी कापण्याआधी मला मापं पाठव. आणि पिशवी दुकानात परत दे, फोडली नसेल तर.

तुझा,
दिन्या