सोलापूर येथील शुश्रूषा केंद्रातील रात्रपाळी, कूस-तक्ते आणि औषधनोंदींबाबत तक्रार

प्रति,
मा. संचालक, सेवा व गुणवत्ता विभाग
(ज्येष्ठ नागरिक शुश्रूषा केंद्र चालवणारी कंपनी)

विषय : विशेष शुश्रूषेचे शुल्क घेऊनही ती सेवा न मिळणे, पाहणीत आढळलेल्या गंभीर त्रुटी

महोदय,

आपल्या सोलापूर केंद्रात राहणाऱ्या ज्येष्ठांच्या नातेवाइकांच्या गटातर्फे हे पत्र लिहीत आहोत. गटात निवृत्त परिचारिका, औषधनिर्माते आणि फिजिओथेरपिस्ट आहेत. केंद्रप्रमुखांच्या परवानगीने गटाने दिवसा आणि रात्री पाहणी केली. केंद्रातल्या वह्या व्यवस्थित भरलेल्या आहेत. वह्यांत जे लिहिले आहे ते माणसांच्या अंगावर दिसत नाही, हीच आमची तक्रार आहे.

सर्वांत आधी कूस बदलण्याचा तक्ता. अंथरुणाला खिळलेल्या प्रत्येकाची कूस दर दोन तासांनी बदलली जाईल, असे आपल्या करारात आहे आणि त्यासाठी दरमहा वेगळे शुल्क आकारले जाते. तळमजल्यावर रात्री साडेअकराला तक्ते पाहिले, तेव्हा पहाटे २, ४ आणि ६ च्या चौकटींत खुणा आधीच झालेल्या होत्या. त्याच मजल्यावर अनेकांच्या माकडहाडावर आणि टाचांवर बोटाने दाबूनही न फिकटणारी लाली होती. दाबल्यावर फिकट न होणारी लाली म्हणजे बेडसोअरची, एका जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी. सावळ्या कातडीवर ती लाल दिसतही नाही. तिथे हाताला गरमपणा किंवा कडकपणा लागतो का, जांभळट छटा आहे का, हे पाहावे लागते. ते पाहिल्याची एकही नोंद सापडली नाही. दोघांची जखम तर कातडी फाटून पुढे गेली आहे. तिची लांबी, रुंदी, खोली कुठेही मोजून लिहिलेली नाही. 'ड्रेसिंग केले' एवढे दोन शब्द रोज आहेत. मोजमापच नसेल तर जखम भरते आहे की पसरते आहे, हे नव्या पाळीच्या सिस्टरला कळणार कसे?

एअर मॅट्रेस घेतल्या आहेत, हे आपण जाहिरातीत सांगता. त्या कशा वापरल्या जातात ते पाहा. पंपावरची वजनाची डायल बहुतेक ठिकाणी शेवटच्या टोकाला नेऊन ठेवलेली आहे, त्यामुळे चाळीस-पंचेचाळीस किलोच्या आजींखाली गादी फळीसारखी टणक झाली आहे. एका गादीत हवाच नव्हती. खालून तळहात घातला तर थेट हाडाचा भार हाताला लागत होता. गादीवर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर घडी केलेली चादर, त्यावर एकावर एक दोन डायपर. इतके थर झाले की गादीचा उपयोग संपतो आणि घाम व लघवी कातडीलाच धरून राहते. काहींच्या कमरेखाली रबरी रिंग दिली आहे. रिंगमुळे मधला भाग लोंबकळतो आणि कडेच्या कातडीवर दाब वाढतो, म्हणून ती वापरणे कधीच बंद व्हायला हवे होते. पाठीला स्पिरिट आणि पावडर लावणे, लाल झालेल्या जागी तेल चोळणे हेही अजून चालू आहे. स्पिरिटने कातडी कोरडी पडून तडकते, पावडरचे गोळे घडीत बसतात आणि चोळण्याने आतल्या आधीच दुखावलेल्या पेशी तुटतात. टाचांसाठी उपाय स्वस्त आहे. पोटऱ्यांखाली उशी अशी द्यायची की टाच अधांतरी राहील. कुशीवर वळवताना पूर्ण आडवे करण्याऐवजी सुमारे ३० अंश तिरके ठेवायचे, म्हणजे मांडीच्या हाडावर भार येत नाही. या दोन गोष्टींना नव्या यंत्राचा एक रुपयाही खर्च नाही.

तक्ता खोटा भरला म्हणून आपण एखाद्या मदतनीस मावशीला नोटीस द्याल, अशी आम्हाला धास्ती आहे. ते करू नका. आधी हिशेब करा. तळमजल्यावर पूर्ण परावलंबी असे चौदा जण आहेत. कूस बदलणे, डायपर बदलणे, चादर सरळ करणे, कातडी पाहणे याला एका माणसामागे किमान दहा मिनिटे लागतात, आणि ओढ न बसता वळवायचे तर दोन माणसे लागतात. चौदा जणांना एकशे चाळीस मिनिटे झाली. म्हणजे दोघीजणी अखंड राबल्या तरी दोन तासांत फेरी पुरी होत नाही. आपण रात्री त्या मजल्यावर एकच मावशी ठेवली आहे. सिस्टर वरच्या मजल्यावर, दोन्ही मजल्यांची मिळून एक. एकटीने वळवायचे तर ओढावेच लागते, आणि ओढताना कातडी सोलते. जे काम वेळेत बसतच नाही, त्याची चौकट भरायला लावणारी ही व्यवस्था आपण उभी केली आहे. तिची जबाबदारीही आपलीच.

औषधांच्या वहीतही हेच. सकाळी नऊला संध्याकाळच्या गोळ्यांपुढे सह्या झालेल्या होत्या. गोळ्या नाव नसलेल्या वाट्यांत काढून ट्रेमध्ये मांडलेल्या असतात. ट्रे हलला की कुणाची वाटी कुणाकडे गेली, हे कुणीही सांगू शकणार नाही. नाकातून नळी असलेल्यांच्या सगळ्या गोळ्या एकत्र कुटल्या जातात. त्यात नावापुढे एसआर, एक्सआर किंवा ईआर असलेल्या गोळ्याही असतात. त्या दिवसभर हळूहळू विरघळाव्यात म्हणून बनवलेल्या असतात. कुटल्या की दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो आणि गोळी बीपीची असेल तर बीपी एकाएकी उतरते. अशा गोळीला पर्याय डॉक्टरांकडून लिहून घ्यायचा असतो. संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्झेट रोजच्या डब्यात सापडली. ती आम्ही त्याच क्षणी थांबवायला लावली. हे औषध रोज पोटात गेले तर तोंड सोलते, रक्तातल्या पेशी घटतात, जीवही जाऊ शकतो. त्या आजोबांची रक्ततपासणी झाली का, अहवाल काय आला, हे त्यांच्या घरच्यांना अजून कळवलेले नाही. पूर्ण पत्रातली सर्वांत तातडीची बाब हीच आहे.

इन्सुलिनचा प्रकारही तितकाच धोक्याचा. फ्रिजमधल्या कुप्यांवर उघडल्याची तारीख नाही. बहुतेक इन्सुलिन उघडल्यावर चार आठवड्यांनी टाकून द्यावे लागते. एकच फ्रिज दुधाला आणि औषधाला, आत थर्मामीटर नाही, आणि एक कुपी बर्फाच्या खणाला टेकलेली. गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी वापरायचे नसते. त्याहून मोठी चूक म्हणजे लाल टोपणाच्या ४० युनिटच्या आणि नारिंगी टोपणाच्या १०० युनिटच्या सिरिंज एकाच डब्यात टाकल्या आहेत. आपल्याकडे कुपीतले इन्सुलिन बहुधा ४० चे (एका मिलीत ४० युनिट) आणि पेनच्या कार्ट्रिजमधले १०० चे (एका मिलीत १०० युनिट) असते. कार्ट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढले तर प्रत्यक्षात ५० युनिट जातात, अडीच पट. त्यात साधे इन्सुलिन सातला टोचतात आणि नाश्ता पावणेनऊला येतो, मध्ये अर्धा तास असायला हवा. शुगर ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, बडबड सुरू होते. विसरभोळेपणाचा आजार असलेल्यांत ती 'चिडचिड' समजून सोडून दिली जाते. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका. एवढी सूचना प्रत्येक मजल्यावर मोठ्या अक्षरांत लावलेली हवी. ती कुठेही नाही.

रात्री ओरडणाऱ्यांना 'गरजेनुसार' लिहिलेली झोपेची गोळी जवळपास रोज दिली जाते. का ओरडतात, हे लिहिलेले नाही. सोलापुरात कितीतरी घरांत तेलुगू किंवा कन्नड बोलली जाते. स्मृती गेली की पुढे शिकलेली मराठी आधी जाते आणि घरची भाषा उरते. रात्रपाळीत त्या भाषा समजणारे कुणी नाही, म्हणून पाणी मागणाऱ्याला गोळी मिळते. गोळीने माणूस गुंगीत एकाच कुशीवर पडून राहतो, पाणी पीत नाही, उठायला गेला तर पडतो. पुढच्या जखमेची सुरुवात तिथून होते. पाणी, लघवी, दुखतंय, थंडी वाजते असे रोजचे पंधरा-वीस शब्द घरच्यांकडून लिहून घेऊन खाटेशी लावा. अशोक चौक, पूर्व भागातून कामाला येणाऱ्या कितीतरी बायका तिन्ही भाषा सहज बोलतात. त्यांना नेमा.

पाण्याची नोंद वाचून तर वाईट वाटले. एप्रिल-मेमध्ये सोलापूर चाळिशीच्या वर तापते, आणि नोंदीत प्रत्येकापुढे प्रत्येक वेळी '२०० मिली' असा एकच आकडा. लघवीचा रकाना कोरा. म्हातारपणी तहान कमी लागते, म्हणून विचारून नव्हे, हातात पेला देऊन पाजावे लागते. डॉक्टरांनी हृदय किंवा किडनीसाठी मर्यादा घातली नसेल तर दिवसाला दीड लिटरच्या आसपास. रात्री डायपर भिजू नये म्हणून संध्याकाळी पाचनंतर पाणी कमी दिले जाते, हे आम्हाला खुद्द कर्मचाऱ्यांनीच सांगितले. त्याचे परिणाम लघवीच्या जंतुसंसर्गात आणि भ्रमात दिसतात. नळाला काही दिवसांआड पाणी येते, साठवण करावीच लागते, हे मान्य आहे. पण गच्चीवरच्या बॅरलना झाकणे नाहीत आणि डेंग्यूचा डास स्वच्छ साठ्यातच अंडी घालतो. आठवड्यातून एकदा बॅरल रिकामे करून आतून घासायला काय अडचण आहे?

जेवणाबाबत थोडक्यात. कडक भाकरी आणि कोरडी शेंगा चटणी आम्हालाही प्रिय आहे. पण दात नसलेल्या, गिळताना ठसका लागणाऱ्या माणसाच्या ताटात ती घुसमटीला निमंत्रण आहे. भाकरी आमटीत भिजवून, चटणी दह्यात कालवून द्या. नळीवाटे आडवे झोपवूनच आणि दट्ट्या दाबून अन्न ढकलले जाते. योग्य पद्धत अशी : डोके ३० ते ४५ अंश वर, नळीवरची खूण नाकपुडीपाशी आहे याची खात्री, अन्न आपोआप उतरू देणे, आणि नंतर किमान अर्धा तास तसेच बसवून ठेवणे. नाहीतर अन्न फुप्फुसात जाते. नळीतून दिले जाते ते वरणाचे निवळ पाणी. जखम भरून यायला किलोमागे रोज सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला सुमारे बासष्ट ते पंच्याहत्तर ग्रॅम. निवळ पाण्यातून ती मिळत नाहीत. किडनीचा त्रास असलेल्यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा. वजनाच्या वहीत मागील महिन्याचाच आकडा उतरवला जातो. महिन्यात पाच टक्के वजन घटले तर डॉक्टरांना कळवायलाच हवे.

लघवीच्या पिशव्या जमिनीवर टेकलेल्या, नळी बसवल्याची तारीख नाही. ऑक्सिजन सिलिंडर साखळीविना उभे. रात्री मागच्या दाराला कुलूप आणि किल्ली फाटकावरच्या वॉचमनकडे. आग लागली तर चौदा परावलंबी माणसे कुठून काढणार?

आपल्या कंपनीची पाहणी होते, हे आम्हाला ठाऊक आहे. ती कळवून होते. आदल्या दिवशी चादरी बदलतात, दुसऱ्या शाखेतून माणसे येतात, आणि पाहणारे वह्या पाहून जातात. पाहणी रात्री दोनला, रविवारी, गड्ड्याच्या यात्रेत निम्मे कर्मचारी सुट्टीवर असताना करा. आधी माणसाची पाठ, टाचा, तोंड पाहा आणि मग तक्ता उघडा.

आमच्या मागण्या अशा. मेथोट्रेक्झेटचा खुलासा आणि रक्ताचा अहवाल चोवीस तासांत संबंधित कुटुंबाला द्या. सर्व निवासींची डोक्यापासून टाचेपर्यंत तपासणी आठवड्याच्या आत बाहेरच्या डॉक्टर व परिचारिकेकडून, कुटुंबातील कुणाच्या उपस्थितीत करून घ्या. तळमजल्यावर रात्री मदतनिसांच्या दोन जोड्या आणि त्या मजल्याची स्वतंत्र नोंदणीकृत सिस्टर नेमा. तक्ता खाटेशी टांगा. काम झाल्यावर वेळ लिहून सही, आधी नाही. ४० आणि १०० च्या सिरिंज आजच वेगळ्या करा. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खालील केंद्राच्या नोंदणीची प्रत द्या. ऑक्सिजन, सलाईन, इंजेक्शन देणाऱ्या ठिकाणी ती मागण्याचा आम्हाला हक्क आहे असे आम्ही मानतो. दोन तासांनी कूस बदलण्यासाठी घेतलेले आणि न दिलेल्या सेवेचे शुल्क परत करा.

लेखी उत्तर पंधरा दिवसांत मिळावे. न मिळाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे आणि सोबतच महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे व समाजकल्याण कार्यालयाकडे तक्रार करू. मधल्या काळात जुने तक्ते बदलू किंवा नष्ट करू नयेत. त्यांची छायाचित्रे आमच्याकडे आहेत. तक्रार केली म्हणून कोणत्याही निवासीला खोली सोडायला सांगू नये, आणि खरे सांगणाऱ्या मावशींना कामावरून काढू नये.

आपले,
निवासी ज्येष्ठांच्या नातेवाइकांच्या गटातर्फे
सोलापूर