सर्व्हरची बाजू दाखवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

वेबसाइट बनवायला शिकवणाऱ्या रविवारच्या वर्गाची फी तुम्ही घेत नाही आणि समोरासमोर आभारही मानू देत नाही, म्हणून हे जाहीर पत्र. पहिल्याच आठवड्यात लाराव्हेलसारखा तयार सांगाडा हातात ठेवणारे क्लास कमी नाहीत. तुम्ही मात्र साधी पीएचपी (सर्व्हरवर, म्हणजे पान पुरवणाऱ्या संगणकावर, चालणारी भाषा), नोटपॅड आणि कळमन्याच्या बाजारातले संत्र्यांचे भाव एवढ्यावर सुरुवात केलीत.

उदाहरण नेमकं निवडलं होतंत. भावाचं पान नुसत्या एचटीएमएलमध्ये (पानाची मांडणी लिहिण्याच्या भाषेत) ठेवलं, तर आंबिया बहार संपेपर्यंत रोज कुणीतरी फाइल उघडून आकडे बदलत बसायचं. भाव डेटाबेसच्या टेबलात टाकले की पान मागवल्यावर सर्व्हरवरची पीएचपी ते वाचते, एचटीएमएल तयार करते आणि ब्राउझरला फक्त तेवढंच मिळतं. म्हणून कुठल्याही घोटाळ्यात तुमचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘हा कोड चालतो कुठे?’ पानाच्या सोर्समध्ये पीएचपीच्या ओळी दिसल्या, तर तो चाललेलाच नाही. बहुतेकदा फाइल लोकलहोस्टवरून (आपल्याच संगणकावरच्या सर्व्हरवरून) न मागवता डबल क्लिक करून उघडलेली असते, नाहीतर विंडोजने विस्तार (फाइलच्या नावाचा शेवटचा भाग) लपवल्यामुळे नावापुढे गुपचूप डॉट टीएक्सटी लागलेलं असतं. झॅम्प या संचातला अपाचे हा सर्व्हरच उठत नसेल, तर ८० नंबरचं पोर्ट (सर्व्हरचं दार) दुसऱ्या कुणीतरी, बऱ्याचदा विंडोजच्या आयआयएस या सर्व्हरने, धरलेलं असतं. कॉन्फिगमध्ये ते ८०८० करायचं आणि पत्त्यातही लोकलहोस्टपुढे ८०८० लिहायचं. हा दुसरा भाग विसरणारे पुष्कळ.

त्याच प्रश्नाने फॉर्मची तपासणीही समजली. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टने ‘भाव शून्यापेक्षा जास्त हवा’ असं बजावणं ही वापरणाऱ्याची सोय झाली. ब्राउझरला वगळून थेट सर्व्हरकडे उणे भाव कुणीही पाठवू शकतो, म्हणून तीच तपासणी पीएचपीत पुन्हा हवीच.

सगळ्यात मोठे आभार मात्र मराठीसाठी. इंग्रजी उदाहरणांवर शिकलं तर ही अडचण समोरच येत नाही. टेबल, डेटाबेसचं कनेक्शन आणि पान या तिन्ही ठिकाणी एकच एन्कोडिंग (अक्षरं बाइटांत साठवण्याची पद्धत) हवं. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये त्याचं नाव यूटीएफ८एमबी४. नुसतं यूटीएफ८ लिहिलं तर जुनी तीन बाइटांची आवृत्ती मिळते. तिच्यात देवनागरी मावते, इमोजी मावत नाही. पानावर मराठीऐवजी प्रश्नचिन्हं आली की आधी पीएचपीमायअॅडमिन या डेटाबेस दाखवणाऱ्या साधनात टेबल बघा, असं तुम्ही सांगत होतात. तिथे मराठी नीट दिसत असेल, तर दोष कनेक्शनचा. पीडीओच्या (पीएचपीला डेटाबेसशी जोडणाऱ्या भागाच्या) जोडणीत कॅरसेट, म्हणजे एन्कोडिंगचं नाव, लिहिला की काम झालं. टेबलातच प्रश्नचिन्हं असतील, तर मूळ मजकूर गेला, कोड कितीही बदला, तो पुन्हा भरावाच लागतो.

‘नागपूर’ची लांबी मोजण्याचा तुमचा धडा तर कुठल्याही क्लासच्या पुस्तकात घालण्यासारखा आहे. पीएचपीचं स्ट्रलेन हे फंक्शन १८ सांगतं, कारण ते बाइट मोजतं आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. एमबी_स्ट्रलेन ६ सांगतं, त्यात काना आणि ऊकार वेगळे धरलेले असतात. ग्राफीम_स्ट्रलेन ४ सांगतं, म्हणजे आपण मोजू तसंच. फक्त त्यासाठी पीएचपीला जोडायचं इंटल एक्स्टेंशन चालू हवं. लांब नाव सबस्ट्र या फंक्शनने दहाव्या बाइटवर तोडलं की तीन चिन्हं पुरी येतात, चौथ्याचा एकच बाइट उरतो आणि पानावर प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन उमटतो. त्याच तुटक्या बाइटपायी जावास्क्रिप्टसाठी माहिती बांधून देणारं जेसन_एन्कोड सरळ फॉल्स (‘जमलं नाही’) परत करतं आणि माणूस दोष शोधत राहतो जावास्क्रिप्टमध्ये.

एसक्यूएल इंजेक्शनवर (फॉर्ममधून डेटाबेसला आज्ञा घुसवण्यावर) तुम्ही भाषण दिलं नाही. लॉगिनच्या चौकटीत एक अवतरणचिन्ह आणि ‘किंवा १ बरोबर १’ या अर्थाची अट टाकून दार उघडून दाखवलंत, मग तीच क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) प्रिपेअर आणि एक्झिक्यूटने लिहून ते बंद केलंत. क्वेरीचा सांगाडा आधी ठरतो, माहिती नंतर वेगळी जाते, त्यामुळे माहितीला आज्ञा होता येत नाही. पुढची मेख फार थोडे सांगतात: कॉलमचं नाव असं बांधता येत नाही. ‘भावानुसार लावा’, ‘तारखेनुसार लावा’ अशी सोय द्यायची, तर चालणाऱ्या नावांची यादी कोडमध्ये ठेवून तिच्यातूनच निवडावं लागतं.

छोट्या सूचनांनी आमच्या किती रात्री वाचल्या असतील! पासवर्ड_हॅशचा निकाल, म्हणजे पासवर्डऐवजी साठवायचा हॅश, आज साठ अक्षरांचा असतो, पण कॉलम २५५चा ठेवा; पन्नासचा ठेवला तर हॅश कापला जातो किंवा एरर येते. हेडरने दुसऱ्या पानावर पाठवलं की खाली एक्झिट लिहा, नाहीतर उरलेला कोड चालतच राहतो. मोबाइलचा फोटो चढत नसेल तर अपलोडची मूळ मर्यादा २ एमबी आहे हे आठवा. विंडोजवर चालणारं पान होस्टिंगवर फाइल सापडत नाही म्हणालं, तर नावातली लहान-मोठी इंग्रजी अक्षरं तपासा, लिनक्स त्यांत फरक करतं. आणि झॅम्पच्या पीएचपी डॉट आयएनआयमध्ये वेळ बर्लिनची असते, ती एशिया कोलकाता करा. भाव सकाळचा आणि शिक्का पहाटेचा, असं व्हायला नको.

तुमच्या नोट्सची झेरॉक्स आता नव्या बॅचकडे आहे. त्यात एकच ओळ आम्ही पेन्सिलने कंसात टाकली आहे: पीडीओला एक्सेप्शन फेकायला (चूक झाली की कोड अडवून ती कळवायला) सांगणारी. पीएचपी ८ पासून ते आपोआप होतं. जुन्या होस्टिंगवर ती लागतेच, म्हणून खोडली नाही. चालेल ना, एवढं कळवा.

तुमचे,
रविवारच्या वर्गातले विद्यार्थी
नागपूर