फोन काढून घेतला, आता पोरीनं जायचं कुठं?

सातारा परिसर, छत्रपती संभाजीनगर
८ जून २०२५

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर बोलणं अर्धवटच राहिलं. तू ग्राऊंडवर होतास. मधेच पोरांवर शिट्टी मारायचास आणि मी काय सांगत होतो तेच विसरून जायचो. म्हणून सरळ कागद घेऊन बसलो. बारावीनंतर पहिल्यांदाच तुला पत्र लिहायलोय, अक्षराला हसू नकोस.

तू म्हणालास, "फोन काढून घे, चार दिवसांत पोरगी लाइनीवर येईल." घेतला. कपाटात ठेवून कुलूप लावलं. पहिल्या दिवशी मुक्ता रडली. दुसऱ्या दिवशी टीव्हीपुढं बसली. तिसऱ्या दिवशी पंख्याखाली उताणी पडून छताकडं बघत राहिली. संध्याकाळी मला राहवेना. म्हणलं, "अगं, जरा बाहेर तरी जा की." तर म्हणे, "कुठं जाऊ, पप्पा?"

उत्तर द्यायचं म्हणून मी गॅलरीत जाऊन खाली बघितलं. गल्लीत दोन्हीकडून कार लावलेल्या, मधून पाण्याचा टँकर रिव्हर्स घ्यायलेला. कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटवर कुणीतरी टाकलेला राडारोडा, कमरेएवढं गाजरगवत आणि सात-आठ कुत्री. चौदा वर्षांच्या पोरीनं तिथं करायचं काय? काही न बोलता आत आलो. चौथ्या दिवशी फोन परत दिला. देण्याआधी त्यातला स्क्रीन टाइम बघितला: रोजचे ४ तास १० मिनिटं. मग माझा बघितला, ५ तास २५. हे वहिनींना सांगू नकोस, त्या लगेच आमच्या घरी कळवतील.

आता खरी गंमत ऐक. मे महिन्यात मुक्ता आठ दिवस तिच्या आत्याकडं, सिडकोत एन-आठला राहायला होती. परत आली ती गुडघा फोडून घेऊन, उन्हानं रापून. आणि त्या आठ दिवसांतला फोनचा आकडा रोज दीड तासाच्या आसपास! मला वाटलं ताईनं दम दिला असेल. विचारलं तर ती म्हणाली, "मी कशाला बोलू? साडेपाचला खालून पोरींच्या हाका सुरू होतात, मग ही घरात थांबते का?" ताईच्या घरापासून बाग दोन मिनिटांवर. दूध, वह्या, आइस्क्रीम सगळं पायी जाऊन आणण्यासारखं. रात्री साडेआठपर्यंत पोरी दिव्याच्या खांबाखाली बॅडमिंटन खेळतात आणि ओट्यावर बसलेल्या बायकांचं गप्पा मारता मारता त्यांच्याकडं लक्ष असतं. आमच्याकडं सातला सगळी लोखंडी गेटं बंद. उन्हाळ्यात तर सहापर्यंत झळा मारतात, मग खेळायला उरतो तो जेमतेम तासभर, की लगेच अंधार. आमच्या गल्लीतल्या चारपैकी एक लाइट लागते.

हा फरक आपोआप नाही पडला. सिडको सत्तरच्या दशकात आखून वसवली, त्यामुळं बागा आणि मोकळ्या जागा नकाशातच आल्या. आमच्या भागात बरीचशी गुंठेवारी. शेत विकलं, एजंटानं दोऱ्या लावल्या आणि गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून मोकळा झाला. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, त्यात घर बांधायलाच ओढाताण. रीतसर लेआऊट असेल आणि जागा ४००० चौरस मीटर किंवा जास्त असेल, तर १० टक्के ओपन स्पेस सोडावी लागते. विनामंजुरीच्या तुकड्यांत ती कोण सोडतो? पुढं २००१ च्या कायद्यानं अशी घरं नियमित करायची सोय झाली, २०२१ च्या दुरुस्तीनं ती डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू झाली. मीही पैसे भरले, पावती जपून ठेवलीय. घर नियमित झालं, मैदान काही त्या पावतीसोबत मिळालं नाही. आणि दोष कुणाला देऊ? प्लॉट घेताना मी बोअरला पाणी किती आणि रस्ता किती फुटी एवढंच विचारलं होतं.

थोडं वाचलंही यावर. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल हवी. २०१९ मध्ये त्यांच्या संशोधकांनी १४६ देशांचे आकडे मांडले. ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं तेवढं हलत नाहीत, मुली ८५ टक्के. आपल्या देशाचं चित्र त्या मानानं थोडं बरं निघालं. कारण काय असावं म्हणतात? पोरं गल्लीबोळात क्रिकेट खेळतात आणि पोरी घरकाम करतात! म्हणजे पोरीचा व्यायाम धुणीभांड्यात मोजायचा. अमेरिकेत संशोधक जेम्स सॅलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिअ‍ॅटल आणि बाल्टिमोरकडच्या किशोरवयीन मुलांचा अभ्यास केला. जिथं दुकानं, बागा पायी जाण्याजोग्या, तिथली मुलं जास्त चालायची, आणि टीव्हीपुढं आणि गाडीत कमी बसायची. अर्थात, ज्यांना चालायची आवड तेच लोक अशा वस्तीत घर घेत असतील, हेही आहेच. आणि बाग म्हणजे जादू नव्हे. ताईचा पोरगा त्याच बागेत बाकावर बसून फोनवर गेम खेळतो.

तू धावपटू अविनाश साबळेचं उदाहरण दिलंस: आपल्या बीड जिल्ह्यातला, आष्टीकडचा पोरगा, घर ते शाळा ६ किलोमीटर पायी जायचा आणि पुढं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक आणलं. कबूल. मुक्ताची शाळा तर चारच किलोमीटर आहे. पण मधे बीड बायपास आहे. एकदा संध्याकाळी येऊन तो पायी ओलांडून दाखव, मग बोलू. आपल्या वेळी अंबाजोगाईत आई ओरडायची ती मुकुंदराजाच्या समाधीकडून परत यायला अंधार पडला म्हणून. गाडीखाली येशील म्हणून कधी ओरडल्याचं आठवतं का तुला?

सगळ्यात जास्त काय लागतं सांगू? पोरीला खो-खोचं वेड आहे. जानेवारीत दिल्लीत वर्ल्ड कपची फायनल झाली, आपल्या पोरींनी नेपाळला ७८–४० नं हरवलं, ती हिनं किती वेळा बघितली असेल देव जाणे. कुणी कधी पोल मारला, कुणी सूर मारला, सगळं तोंडपाठ. फोनवर. गारखेड्याच्या क्रीडा संकुलात प्रॅक्टिसला जायचं म्हणते, पण रोज संध्याकाळी नेणार-आणणार कोण? मी सातला घरी येतो. तिची आई एकटीला पाठवायला तयार नाही, आणि तिचं चूक आहे असं मला म्हणवत नाही.

म्हणून आता तुझ्याकडं काम आहे. तो कोपऱ्यावरचा प्लॉट ज्यांचा आहे ते पुण्याला असतात. गेल्या रविवारी मी फोन केला. आधी त्यांना वाटलं मी अतिक्रमण करायलोय. मग म्हणाले, आम्ही बांधकाम सुरू करेपर्यंत वापरा, फक्त वर्षाला एकदा फोटो पाठवा. गल्लीतल्या सहा घरांनी पैसे काढलेत, जेसीबीवाला गुरुवारी यायचाय. लाइटचा अर्ज दिलाय, त्याचं काय होतं बघू.

अडचण अशी की प्लॉट ४० बाय ६० फुटांचा. तुझं खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटर, म्हणजे लांबीतच तीस फूट कमी. आठाऐवजी पाचच पाट्या (खेळाडू बसतात त्या आडव्या पट्ट्या) घेतल्या तर पोरींना धावायला मजा येईल का, की नुसती धडपड होईल? खांब सागाचा घ्यावा की लोखंडी पाइपवर रबर चढवावं? गावातले सुतार काय घेतात? मुक्ता म्हणते, "काकांना विचारा, खाली मुरूम टाकायचा की काळी माती?" मला यातलं काही कळत नाही.

येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं ये. चुन्याची पिशवी आणि मोजायचा टेप आणशील. शिट्टी आणू नकोस, इथं कुत्री पिसाळतात.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
दिलीप